डिस्टिंग्विश्ड जंटलमन्स राइड

डिस्टिंग्विश्ड जंटलमन्स राइड (शब्दशः अर्थ: सभ्य गृहस्थांची फेरी, संक्षेप: डीजीआर) ही पुरःस्थ ग्रंथीच्या (प्रोस्टेट ग्रंथीच्या) कर्करोगावरील संशोधनासाठी व पुरुषांच्या मानसिक आरोग्यासाठी निधी उभारणारी वार्षिक जागतिक मोटारसायकल फेरी आहे. सूट, टाय, जाकीट अशा नीटनेटक्या पोशाखातील स्वार जुन्या किंवा जुन्या घडणीच्या मोटारसायकलींवरून आपापल्या शहरातून एकाच रविवारी संथ गतीने फेरी काढतात. तिचा आरंभ २०१२ साली ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरातून झाला. महाराष्ट्रात ती मुंबई व पुणे येथे निघते. फेरीच्या निधीतून साहाय्य मिळालेल्या वैद्यकीय चाचण्यांपैकी ‘थेराप’ ही ऑस्ट्रेलियातील चाचणी विशेष उल्लेखनीय आहे. तिचे निष्कर्ष २०२१ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

उगम

फेरीची कल्पना सिडनी येथील मार्क हव्वा यांची. ‘मॅड मेन’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेतील डॉन ड्रेपर हे पात्र सूट घालून एका जुन्या मोटारसायकलीवर बसले आहे, असे छायाचित्र त्यांच्या पाहण्यात आले. मोटारसायकलस्वार म्हणजे दांडगा, बेशिस्त आणि कर्कश आवाज करीत जाणारा माणूस, हा समाजातील समज पुसून काढण्यास असा पोशाख उपयोगी पडेल, असे त्यांना वाटले. सप्टेंबर २०१२ मध्ये निघालेल्या पहिल्या फेरीत ६४ शहरांतील सुमारे २,५०० स्वार सहभागी झाले. त्या वर्षी निधी गोळा करण्याचा उद्देश नव्हता. स्वारांनी एकत्र यावे आणि लोकांच्या मनातील प्रतिमा बदलावी, एवढाच हेतू होता.

अल्पावधीत मिळालेला हा प्रतिसाद एखाद्या सत्कार्यास जोडावा, असा विचार पुढे आला. मोटारसायकल चालविणाऱ्यांत पुरुषांची संख्या मोठी असल्याने पुरुषांच्या आरोग्याचा, त्यातही ज्याविषयी पुरुष सहसा बोलत नाहीत अशा आजाराचा विषय निवडण्यात आला. २०१३ पासून फेरीस निधिसंकलनाची जोड मिळाली.

वाढ

२०१३ साली १४५ शहरांतील सुमारे ११,००० स्वारांनी २,७७,००० अमेरिकी डॉलरांहून अधिक रक्कम जमविली. २०१४ साली शहरांची संख्या २५७, स्वारांची संख्या २०,००० च्या पुढे आणि निधी सुमारे १५ लाख डॉलर झाला. त्याच वर्षापासून ट्रायम्फ मोटरसायकल्स ही ब्रिटिश कंपनी फेरीची मुख्य प्रायोजक आहे. २०१६ साली ५०० हून अधिक शहरांतून ५०,००० च्या वर स्वार सहभागी झाले आणि निधी सुमारे ३६ लाख डॉलरांवर गेला. त्यानंतरच्या काही वर्षांत स्वारांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली. २०२४ पर्यंत सर्व वर्षांचा मिळून निधी साडेचार कोटी डॉलरांच्या वर गेला.

आरंभीच्या वर्षांत फेरी सप्टेंबरच्या अखेरीस निघत असे. कोविड-१९ च्या साथीमुळे २०२० साली समूहाने फिरणे शक्य नव्हते. तेव्हा स्वारांनी एकेकट्याने फेरी काढावी, असे ठरले. २०२१ पासून ती मे महिन्यातील एका रविवारी होते. या बदलाचे परिणाम प्रदेशागणिक निराळे आहेत. महाराष्ट्रात सप्टेंबरातील फेरी परतीच्या पावसात सापडण्याचा धोका होता, तर मे महिन्यात लोकरी कापडाचा सूट घालून मोटारसायकलीवर बसणे हीच एक परीक्षा ठरते. त्यामुळे येथे फेरीसाठी सकाळची वेळच सोयीची ठरते.

स्वरूप आणि नियम

फेरी ही शर्यत नाही. वेग, अंतर किंवा क्रमांक यांना तीत स्थान नाही. प्रत्येक शहरात एक स्वयंसेवक यजमान असतो. तो मार्ग आखतो, स्थानिक अधिकाऱ्यांशी संपर्क ठेवतो आणि स्वारांना सूचना देतो. नोंदणी विनामूल्य असते. वाहतुकीचे सर्व नियम पाळणे बंधनकारक असते. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार शिरस्त्राण सक्तीचे असल्याने फेट्याची वा हॅटची हौस फेरीच्या आधी किंवा नंतर, छायाचित्रापुरतीच भागवावी लागते.

वाहनांविषयी फेरीचा स्वतःचा संकेत आहे. जुन्या काळातील मोटारसायकली, त्यांच्या घडणीवर बेतलेल्या नव्या गाड्या, कॅफे रेसर, बॉबर, स्क्रॅम्ब्लर, साइडकार जोडलेल्या गाड्या आणि जुन्या स्कूटरी यांना प्राधान्य असते. भारतात या संकेतात बसणाऱ्या वाहनांची वाण नाही. रॉयल एनफील्डची बुलेट, म्हैसूरच्या कारखान्यातून निघालेल्या जावा व येझदी, राजदूत आणि मुंबईत तयार होणारी लॅम्ब्रेटा ही वाहने एके काळी रोजच्या वापरात होती. फेरीच्या निमित्ताने ती पुन्हा रस्त्यावर येतात. मुख्य प्रायोजक ट्रायम्फचा महाराष्ट्राशी औद्योगिक संबंधही आहे. बजाज ऑटोच्या सहकार्याने तयार झालेली ‘स्पीड ४००’ ही मोटारसायकल २०२३ पासून पुणे जिल्ह्यातील चाकण येथे तयार होते.

नावात ‘जंटलमन’ असले तरी स्त्रियाही फेरीत सहभागी होतात व निधी गोळा करतात.

निधी कसा जमतो

फेरी निघाली म्हणजे निधी जमला, असे होत नाही. नोंदणी विनामूल्य असल्यामुळे केवळ गाडी चालविणाऱ्याकडून संशोधनास काहीच मिळत नाही. प्रत्येक स्वाराला संकेतस्थळावर स्वतःचे एक पान मिळते. त्या पानाचा दुवा तो नातलग, शेजारी, सहकारी व मित्र यांना पाठवितो आणि देणगी मागतो. देणगी स्वाराच्या हाती न येता थेट मध्यवर्ती खात्यात जमा होते. त्यामुळे रोख रक्कम कोणाकडे राहिली, हा सार्वजनिक वर्गणीत नेहमी उद्भवणारा प्रश्न येथे उद्भवत नाही. सर्वाधिक निधी जमविणाऱ्या स्वारांना प्रायोजकांकडून बक्षिसे दिली जातात. त्यांत मोटारसायकलींचाही समावेश असतो.

वरील आकड्यांवरून दरडोई सरासरी काढली, तर २०१३ साली ती सुमारे २५ डॉलर आणि २०१४ साली सुमारे ७५ डॉलर येते. म्हणजे फेरीचे आर्थिक बळ एखाद्या मोठ्या दात्यात नसून असंख्य लहान देणग्यांत आहे. स्वाराची खरी मेहनत रस्त्यावरच्या दोन तासांत नसते, तर त्याआधी काही आठवडे लोकांपुढे शब्द टाकण्यात असते. तसे करताना ‘हा कर्करोग कोणता, तो कोणाला होतो’ या प्रश्नांची उत्तरे त्याला द्यावी लागतात. ज्या आजाराचे नाव घरातही घेतले जात नाही, त्याविषयी असे बोलणे सुरू होणे, हा निधीइतकाच महत्त्वाचा परिणाम मानला जातो.

पहिल्या वर्षांत निधी निरनिराळ्या देशांतील पुरःस्थ ग्रंथी कर्करोग संस्थांना दिला जात असे. २०१६ पासून ‘मोव्हेंबर’ ही संस्था फेरीची मुख्य लाभार्थी आहे. मोव्हेंबरची सुरुवात २००३ साली मेलबर्न येथे ट्रॅव्हिस गॅरोन व ल्यूक स्लॅटरी या मित्रांनी केली. नोव्हेंबर महिन्यात मिशा वाढवून पुरुषांच्या आरोग्यासाठी निधी उभारण्याचा हा उपक्रम आज जगभर पोहोचला आहे. मोव्हेंबरच्या सहभागानंतर पुरुषांचे मानसिक आरोग्य आणि आत्महत्या प्रतिबंध हेही फेरीचे उद्दिष्ट झाले.

वैद्यकीय पार्श्वभूमी

पुरःस्थ ग्रंथी ही पुरुषांमध्ये मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाभोवती असते. वयानुसार ती वाढते व लघवीला अडथळा करते. ही वाढ बहुधा कर्करोगाची नसते. परंतु कर्करोगाच्या आरंभी काहीच लक्षण नसणे, आणि लक्षण दिसलेच तर ‘वयामुळे होते’ म्हणून ते अंगावर काढणे, या दोन गोष्टींमुळे निदान लांबते. रोग पुढे गेल्यावर तो बहुधा हाडांत पसरतो. पाठीचे किंवा कमरेचे सततचे दुखणे हे काही रुग्णांत पहिले लक्षण असते.

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार त्या वर्षी या कर्करोगाचे सुमारे १४ लाख ७० हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ३ लाख ९७ हजार मृत्यू झाले. पुरुषांना होणाऱ्या कर्करोगांत फुप्फुसाच्या कर्करोगानंतर त्याचा क्रमांक लागतो.

या कर्करोगाची वाढ पुरुषी संप्रेरकांवर अवलंबून असते, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखविले. त्या कार्यासाठी त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आजही पसरलेल्या रोगावर संप्रेरकरोधक उपचार हाच पाया आहे. मात्र काही काळानंतर अनेक रुग्णांत रोग या उपचारास जुमानत नाही. अशा रुग्णांसाठी काय करावे, हा संशोधनापुढील सर्वांत कठीण प्रश्न होता.

थेराप चाचणी

या कर्करोगाच्या बहुतेक पेशींच्या पृष्ठभागावर ‘पीएसएमए’ हे प्रथिन मोठ्या प्रमाणात असते. त्या प्रथिनाला चिकटणाऱ्या रेणूस ल्युटेशियम-१७७ हा किरणोत्सारी समस्थानिक जोडला, तर औषध रक्तावाटे कर्कपेशींपर्यंत पोहोचते व तेथे किरणोत्सर्ग करते. ल्युटेशियम-१७७ चा अर्धायुष्यकाल सुमारे साडेसहा दिवसांचा आहे. त्याचे बीटा किरण ऊतींत फार तर दोनेक मिलिमीटर जात असल्याने आजूबाजूच्या निरोगी भागाची हानी मर्यादित राहते.

हा उपचार प्रचलित रासायनिक उपचाराच्या तुलनेत कसा ठरतो, हे पाहण्यासाठी ऑस्ट्रेलियातील ११ केंद्रांत थेराप ही चाचणी झाली. तिच्या निधिदात्यांमध्ये ऑस्ट्रेलियाची पुरःस्थ ग्रंथी कर्करोग संस्था, औषध कंपनी, मोव्हेंबर आदींसह डिस्टिंग्विश्ड जंटलमन्स राइडचेही नाव आहे. संप्रेरकरोधक उपचार व डोसेटॅक्सेल हे औषध देऊनही रोग वाढलेल्या २०० रुग्णांची चिठ्ठी पद्धतीने दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटास ल्युटेशियम उपचार, तर दुसऱ्यास कॅबाझिटॅक्सेल हे रासायनिक औषध देण्याचे ठरले. रक्तातील पीएसए या निर्देशकाची पातळी निम्म्याने किंवा त्याहून अधिक उतरण्याचे प्रमाण ल्युटेशियम गटात ६६ टक्के, तर दुसऱ्या गटात ३७ टक्के होते. गंभीर दुष्परिणामांचे प्रमाण अनुक्रमे ३३ व ५३ टक्के आढळले.

पुढे दीर्घकाळ केलेल्या पाठपुराव्यात दोन्ही गटांतील सरासरी आयुर्मान जवळजवळ सारखेच, म्हणजे सुमारे १९ महिने आढळले. नव्या उपचाराने आयुष्य अधिक लांबले नाही. परंतु तेवढाच काळ कमी त्रासात काढण्याचा पर्याय उपलब्ध झाला. ज्या रुग्णाकडे दीडएक वर्षच उरले आहे, त्याच्या व त्याच्या कुटुंबाच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

लोकवर्गणीच्या पैशाचे संशोधनातील स्थान या चाचणीवरून ध्यानात येते. याच औषधाची ‘व्हिजन’ ही ८३१ रुग्णांवरील मोठी चाचणी औषध कंपनीने केली. तीत नव्या औषधाची तुलना रासायनिक उपचार वगळून दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या उपचाराशी होती. आयुर्मान ११.३ महिन्यांवरून १५.३ महिन्यांवर गेल्याचे तीत दिसले आणि त्या आधारे २०२२ मध्ये अमेरिकेत औषधास मान्यता मिळाली. मात्र ‘हे औषध द्यावे की रासायनिक औषध?’ हा डॉक्टरांपुढील रोजचा प्रश्न थेरापने हाताळला. औषधाची विक्री सुरू होण्यासाठी असा प्रश्न सुटणे आवश्यक नसते. रुग्णासाठी मात्र तो आवश्यक असतो. देणग्यांतून होणाऱ्या संशोधनाचे प्रयोजन बहुतांशी अशाच प्रश्नांत असते.

भारतात ल्युटेशियम-१७७ ची निर्मिती भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ट्रॉम्बे येथील ध्रुव अणुभट्टीत होते. ही अणुभट्टी १९८५ साली प्रथम कार्यान्वित झाली. त्यामुळे ऑस्ट्रेलियात ज्या उपचाराची पारख झाली, त्यातील मुख्य घटक महाराष्ट्रातच तयार होतो.

भारतातील संदर्भ आणि मर्यादा

भारतातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९६३ साली मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. १९८० च्या दशकाच्या आरंभापासून भारतीय वैद्यक संशोधन परिषदेमार्फत अशा नोंदणीचा राष्ट्रीय कार्यक्रम चालतो. आयुर्मान वाढल्याने महानगरांतील नोंदींत पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाचे प्रमाण वाढते आहे. तरीही देशातील पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग हा अधिक मोठा प्रश्न असून त्याचे मुख्य कारण तंबाखू व सुपारी हे आहे. जागतिक फेरीने निवडलेला आजार आणि स्थानिक गरज यांत असे अंतर आहे.

दुसरी मर्यादा पैशाच्या प्रवासाशी निगडित आहे. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०-जी अन्वये मिळणारी सवलत नोंदणीकृत भारतीय संस्थांना दिलेल्या देणगीसच लागू होती आणि २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीस ती मिळत नसे. त्यामुळे परदेशी संस्थेकडे जाणाऱ्या देणगीवर भारतीय दात्यास या कलमाचा लाभ नव्हता.

तिसरा मुद्दा तपासणीचा आहे. पीएसए चाचणी सरसकट सर्व पुरुषांची करावी की नाही, याविषयी वैद्यकीय क्षेत्रात मतभेद आहेत. अनेक रुग्णांत हा कर्करोग इतका संथ वाढतो की त्यावर उपचार न करता केवळ लक्ष ठेवणे पुरेसे ठरते. ब्रिटनमधील ‘प्रोटेक्ट’ चाचणीत ग्रंथीपुरता मर्यादित रोग असलेल्या १,६४३ पुरुषांपैकी सुमारे ९७ टक्के पुरुष १५ वर्षांनंतर या रोगाने दगावलेले नव्हते. शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा नियमित देखरेख यांपैकी काहीही निवडले तरी प्रमाण जवळपास तेच राहिले. अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये ५५ ते ६९ वयोगटातील पुरुषांनी डॉक्टरांशी चर्चा करून व्यक्तिगत निर्णय घ्यावा, अशी शिफारस केली. ‘चाचणी करा’ यापेक्षा ‘डॉक्टरांशी बोला’ हा संदेश अधिक योग्य मानला जातो, तो यामुळेच.

रायगड जिल्हा

अलिबाग, नागाव, रेवदंडा व मुरूड यांना जोडणारा किनारी मार्ग मुंबई-पुण्याच्या दुचाकीस्वारांच्या रविवारच्या सहलींचा नित्याचा मार्ग आहे. नागाव परिसरात हा रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून अरुंद होत जातो. सुट्टीच्या दिवशी पर्यटकांच्या गर्दीने तो भरून जातो. मोठ्या समूहाची फेरी अशा रस्त्यावर गावकऱ्यांना अडचणीची ठरू शकते. येथील स्वारांना डिस्टिंग्विश्ड जंटलमन्स राइडची जवळची ठिकाणे मुंबई व पुणे ही आहेत. पेण-वडखळ मार्गे रस्त्याने, किंवा २०२० पासून सुरू झालेल्या मांडवा–भाऊचा धक्का रो-रो बोटीतून गाडीसह मुंबईस जाता येते.

कर्करोग संशोधनाचे एक प्रमुख केंद्र रायगड जिल्ह्यातच आहे. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि १९६२ पासून ते केंद्र शासनाच्या अणुऊर्जा विभागाकडे आले. १९५२ साली स्थापन झालेली भारतीय कर्करोग संशोधन संस्था व हे रुग्णालय १९६६ मध्ये टाटा स्मारक केंद्र या नावाखाली एकत्र आले. या केंद्राची संशोधन शाखा, ‘अ‍ॅक्ट्रेक’, २००२ पासून पनवेल तालुक्यातील खारघर येथे आहे. भारतात विकसित झालेल्या पहिल्या कार-टी पेशी उपचारास २०२३ मध्ये मान्यता मिळाली. भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून हा उपचार साकारला. टाटा स्मारक केंद्र नागरिकांकडून थेट देणग्या स्वीकारते. मुंबईत होत आलेल्या टेरी फॉक्स दौडीचा निधीही येथील कर्करोग संशोधनास दिला गेला आहे. कॅनडाचा तरुण टेरी फॉक्स याने कर्करोगामुळे एक पाय गमावल्यावर १९८० साली कृत्रिम पायाने १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धाव घेतली होती. त्याच्या स्मरणार्थ ही दौड जगभर होते.

स्थानिक फेऱ्यांच्या संदर्भात उपचारसाहाय्य व संशोधन यांतील भेद महत्त्वाचा ठरतो. ओळखीच्या रुग्णाच्या शस्त्रक्रियेसाठी गावाने पैसे उभे करणे ही कोकणात जुनी रीत आहे आणि त्याचे फळ लगेच दिसते. संशोधनाला दिलेल्या पैशाचे फळ बऱ्याच वर्षांनी, बहुधा परक्या गावातील अनोळखी रुग्णास मिळते. थेराप चाचणीत रुग्णांची निवड २०१८ मध्ये सुरू झाली आणि तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. तिला साहाय्य करणाऱ्या फेरीने निधी गोळा करण्यास २०१३ मध्येच प्रारंभ केला होता.